शब्दचर्चा: 'संख्यात्मक' की 'सांख्यिकीय'?

प्रश्न: भूगर्भातल्या विद्युतचुंबकीय क्षेत्रांवरचा एक लेख मराठीत लिहितेय. 'न्यूमरिकल मॉडेलिंग'ला 'सांख्यिकीय प्रतिमान' म्हटलेलं वाचलंय. चालेल का? आणि 'स्किन डेप्थ'ला काय म्हणावं?

— 'सांख्यिकीय' नकोच. सांख्यिकी म्हणजे स्टॅटिस्टिक्स: नमुने, सरासरी, संभाव्यता. इथे त्यातलं काहीच नाही. कोयनेचं उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथला भूगर्भ अनेक पद्धतींनी तपासला गेला; त्यांतली एक मॅग्नेटोटेल्युरिक. तिचा पाया तिखोनोव (१९५०) आणि कान्यार (१९५३) यांनी घातला. सौरवारा आणि जगभर कडाडणाऱ्या विजा यांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सतत चढउतार होतात, त्यांनी जमिनीत प्रवाह उठतात. त्यातून येणारी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं आपण जमिनीवर मोजतो. मॉडेल करताना वर बेसाल्ट, खाली ग्रॅनाइट असं धरून जमिनीचे कॉम्प्युटरवर ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्याला रोधकता (तो खडक विजेला किती अडवतो ते) द्यायची आणि मॅक्सवेलची, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची, समीकरणं सोडवायची. तेच आकडे पुन्हा दिले की तेच उत्तर येणार. म्हणून 'संख्यात्मक'.

— सहमत. ठोकळ्यांवरून आठवलं: विद्युत क्षेत्र ठोकळ्याच्या कडांवर आणि चुंबकीय क्षेत्र त्याच्या पृष्ठांवर मांडायची संशोधक केन यी यांची १९६६ ची युक्ती आजही वापरतात. कारण फार सुंदर आहे. दोन खडकांच्या सीमेवर विद्युत क्षेत्राचा सीमेला लंब घटक एकदम उडी घेतो, समांतर घटक मात्र अखंड राहतो. आणि कडांवर नेमका समांतर घटकच असतो. या रचनेला मी 'विस्थापित जाळी' म्हणते. 'प्रतिमान' बरोबर आहे, पण बोलताना सगळे 'मॉडेल'च म्हणतात, तेही बिनधास्त लिहा.

— 'स्किन डेप्थ'चं शब्दशः 'त्वचा-खोली' मला पटत नाही. तारेत प्रवाह बाहेरच्या थरातच वाहतो, तिथे त्वचा शोभते. जमिनीत 'भेदन-खोली' म्हणा आणि पहिल्यांदा वापराल तिथे अर्थ द्या: जिथे क्षेत्र पृष्ठभागावरच्या सुमारे ३७ टक्के उरतं ती खोली. हिशोबही द्या. ओहम-मीटरमधली रोधकता गुणिले सेकंदातला आवर्तकाल (एका आंदोलनाला लागणारा वेळ), त्याचं वर्गमूळ, गुणिले ५०३, की मीटर मिळतात. १०० ओहम-मीटरच्या बेसाल्टमध्ये १ सेकंदाचा संकेत ५ किलोमीटर उतरतो, १०० हर्ट्झचा जेमतेम ५०० मीटर. ठोकळे किती बारीक हवेत ते यावरूनच ठरतं.

प्रश्न: आभार. 'इन्व्हर्जन'ला, म्हणजे मोजणीवरून उलट मॉडेल शोधण्याला, 'व्यस्तन' लिहिलंय.

— चांगला शब्द. फक्त तिथे 'सांख्यिकीय' सरसकट खोडू नका. मोजलेल्या आकड्यांवरून खडक ओळखताना वीजवाहिन्यांचा गोंगाट मिसळलेला असतो, आणि एकाच मोजणीला अनेक मॉडेलं बसतात. कुठलं किती संभाव्य हा प्रश्न सांख्यिकीचाच.