लाटेकमध्ये फॉन्ट-कॅप्शनशी खेळत बसावं का?

खिळेजुळारी:
मैत्रिणीच्या मराठी प्रबंधाची लाटेक (आज्ञा लिहून पानं जुळवायची प्रणाली) फाइल लावून देतोय. तिला कॅप्शन (आकृतीखालचा मजकूर) तिरकी, बारीक आणि निळी हवी, फॉन्ट तीन! अहो, लाटेक घ्यायचं तेच या भानगडीतून सुटायला. मांडणी क्लासवर, म्हणजे लाटेकच्या तयार साच्यावर, सोडा आणि लिहा की.

अर्धचंद्र:
असहमत. हा उपदेश इंग्रजीत लिहिणाऱ्यांना शोभतो. लाटेकच्या मूळच्या कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर औषधालाही नाही. झीटेक (युनिकोड फॉन्ट चालवणारं इंजिन) आणि फॉन्टस्पेक (फॉन्ट निवडायचं जोड-पॅकेज) घेतलं तरी 'स्क्रिप्ट देवनागरी' सांगायचं राहिलं की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. भाषा मराठी केली नाहीत तर मराठी आकृतीखाली इंग्रजीत 'फिगर 2.1'. खेळू नका म्हणे!

खिळेजुळारी:
फॉन्टचं मान्य. पण तिरकं कशाला? बहुतेक देवनागरी फॉन्टांत इटॅलिक नसतंच. मग लोक फॉन्टस्पेकला खोटा कल द्यायला सांगतात. शिरोरेषा आडवीच राहते, काना तेवढा कलतो. वाऱ्यात सापडलेली दोरीवरची धुणी जणू.

पाचवाप्रयत्न:
टिरो देवनागरी मराठीत खरं इटॅलिक आहे, पण ठळक नाही. आयआयटी मुंबईच्या शोभिकात ठळक आहे, इटॅलिक नाही. घ्या, निवडा! मी शोभिका घेतला. कॅप्शन पॅकेजमध्ये एकाच ओळीत मजकूर बारीक, 'आकृती 2.1' एवढंच ठळक. विषय संपला.

प्रबंधवाली (तीच ती मैत्रीण):
माझी बाजू कुणी विचारली का? माझ्या कॅप्शन चार-चार ओळींच्या. क्लासवर सोडलं तर त्या मजकुराच्याच आकारात येतात, मग कॅप्शन कुठे संपली नि परिच्छेद कुठे सुरू झाला हे कळतच नाही. म्हणून प्रत्येक कॅप्शनच्या कंसात तिरकं करायची आज्ञा घातली.

अर्धचंद्र:
कारण शंभर टक्के पटलं, पण जागा चुकली ताई. कंसातलं सगळं आकृत्यांच्या सूचीतही जातं. ती उघडून बघा.

प्रबंधवाली:
अख्खी सूची तिरकी! 61 आकृत्या आहेत. बसते आता काढत.

खिळेजुळारी:
काढ. बारीक आणि ठळक मी वर एका ओळीत घालतो. निळं मात्र घालणार नाही, प्रती काळ्या-पांढऱ्याच काढायच्यात.

प्रबंधवाली:
पीडीएफमध्ये तरी?