दंडार मंडळ नोंदवायचं का वर्गणीवरच चालू द्यायचं?

सेतूवाला_कुरखेडा:

नमस्कार जी. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात माझं गाव. गावात आपले सरकार केंद्र चालवतो. म्हणजे दिवसभर उत्पन्नाचे दाखले, पीकविमा आणि म्हाताऱ्यांचे अंगठे. अंगठे मशीनवर उमटत नाहीत ते वेगळं पुराण.

आमच्या गावची दंडार आहे, म्हणजे झाडीपट्टीतलं (पूर्व विदर्भातलं) नाच-गाण्याचं लोकनाट्य. दिवाळीपासून आजूबाजूच्या मंडया (दिवाळीनंतरच्या गावजत्रा) संपेपर्यंत चालते. आधी एकाच टोलीची होती. आता कुणब्याची, गोवाऱ्याची, ढिवराची, गोंडाची पोरं एकत्र नाचतात आणि ढोलकी बौद्ध वस्तीतल्या दादाची. कोणी ठरवून एकोपा केला नाही, पोरं पुण्या-हैदराबादला कामाला गेली आणि माणसं कमी पडली म्हणून झालं. गाणी झाडी बोलीतली, दोन गोंडी, एक छत्तीसगडी. ते कोरचीकडच्या जावयानं आणलं आणि आता त्याच्याहून आमची पोरं जास्त जोरात म्हणतात.

खर्च निघतो वर्गणीतून. घरामागं पायलीभर धान, नोकरीवाल्याकडून रोख. मांडव, पाणी, स्वयंपाक सगळं फुकट हातानं. कोणी मजुरी मागत नाही.

आता भांडण असं. काही पोरं म्हणतात संस्था नोंदवू, सरकारचं अनुदान घेऊ, साउंड स्वतःचा घेऊ. आमचे बुढे गुरुजी (सत्तरी ओलांडली, अजूनही बाईच्या सोंगात शालू नेसून उभे राहिले तर बाया ओळखत नाहीत) म्हणतात, पैसा आला का हिशोब येते, हिशोब आला का दंडार जाते. त्यांना स्वतःला ज्येष्ठ कलाकारांचं सरकारी मानधन नाही. अर्ज मीच भरला होता, तो पुरावे नाहीत म्हणून परत आला.

तर विचारायचं हे की नोंदणी करावी का? पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याचा) पैसा दंडारीवर खर्च करता येते का? आणि गुरुजींसाठी काय करता येईल? कोणी केलं असेल तर सांगा. नुसतं "छान उपक्रम" लिहू नका बाप्पा.

वडसेकर:

नोंदणीच्या भानगडीत पडू नका. आमच्या वडशात दिवाळीनंतर नाटक कंपन्यांची दुकानं उघडतात, गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवून जातात. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक. मांडव गावकरी घालतात, तिकीट गावकरी फाडतात, उरलं तर मंदिराला नाहीतर शाळेला. हे कोणत्या खात्याच्या भरवशावर उभं राहिलं? २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठं बाहेरच्यांना झाडीपट्टी नकाशावर शोधावीशी वाटली. तिकीट लावा.

सेतूवाला_कुरखेडा:

दादा, दंडारीला तिकीट लावलं तर आमच्याच घरचे येणार नाहीत. 😀

जुना_ग्रामसेवक:

तीस-बत्तीस वर्षं याच भागात दप्तर सांभाळलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पेसा. १९९६ च्या कायद्यात ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा, सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार स्पष्ट लिहून दिला आहे. राज्याचे नियम २०१४ चे. पण अधिकार आणि पैसा या दोन वेगळ्या फायली आहेत. पेसा गावांना मिळणारा पाच टक्के अबंध निधी, हे नाव ऐकून लोकांना वाटते कशावरही खर्च करा. तसं नाही. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वनीकरण-जलसंधारण-वनतळी असे त्याचे रस्ते ठरलेले आहेत. पोशाख, चहा-चिवडा, साउंडचं भाडं यात बसवायला गेलात तर लेखापरीक्षणाला सरपंच आणि सचिव दोघंही घाम पुसत बसतील. मात्र उघडा मंच, त्याच्यावरचं शेड, बाजूला बायांसाठी मोरी हे पायाभूत सुविधेत मांडून पाहता येते. मंच हे बांधकाम आहे, दंडार नाही, एवढं ध्यानात ठेवून ठराव लिहा. आणि ठराव तुमच्या गावाच्या ग्रामसभेचा पाहिजे, गटग्रामपंचायतीचा नाही. पेसात पाड्याची, टोल्याचीही वेगळी ग्रामसभा होऊ शकते, हे आमच्याच लोकांना माहीत नसते.

नोंदणीचं म्हणाल तर १८६० च्या कायद्याखाली सात माणसं लागतात. सात माणसं सहज मिळतील. त्यानंतर दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलला की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट. मी पाहिलेल्या बहुतेक मंडळांचं पहिलं ऑडिट झालं, दुसरं झालंच नाही. अनुदान मिळवायचं तर पूर्वीच्या वर्षांचे हिशोब मागतात, म्हणजे आज नोंदवलं तर उद्या पैसा नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या योजना तमाशा, खडीगंमत, दशावतार अशा नावांनी लिहिलेल्या असतात. आपली दंडार कुठल्या खान्यात टाकायची यावरच टेबलावर अर्धा तास जातो. नागपूरचं दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्र बोलावते, कार्यक्रमाचं मानधन देते, ते चांगलं आहे. पण ते प्रयोगाचे पैसे, गावात मंडळ चालवायचे नाहीत.

वीस-पंचविशीतली पोरं असतील तर वेगळं दार आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वय, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिला मंडळ लागत नाही, एकट्यानं अर्ज करायचा, गुरू दाखवायचा. तुमच्याकडं गुरू बसलेले आहेत!

आता गुरुजी. ज्येष्ठ कलाकारांच्या मानधनाला पूर्वी तीन दर्जे होते आणि तिन्हींची रक्कम वेगळी, २०२४ पासून सगळ्यांना महिना ५,००० केले. वय पन्नाशीच्या पुढे. अडचण पैशाची नाही, कागदाची आहे. जिल्हा समितीला कात्रण, प्रमाणपत्र, फोटो दिसला पाहिजे, आणि दंडारवाल्याला पन्नास वर्षांत कोणी प्रमाणपत्र दिलं नाही, फार तर नारळ-दुपट्टा. तेव्हा हा कागद तुम्ही तयार करा, तेच तुमचं काम. ज्या ज्या गावात ते नाचले त्या गावांच्या ग्रामसभांचे ठराव घ्या, "अमुक यांनी आमच्या मंडईत अमुक सालापासून दंडार सादर केली" असे. जुने लग्नाचे अल्बम धुंडाळा, मंडईचे फोटो त्यातच निघतात. मंडईची पत्रकं लोकांच्या पेटीत तळाला अंथरलेली असतात, तीही चालतात.

रेला_पाटा:

मी धानोरा भागातली, घरी गोंडी बोलतो. थोडं कडू लिहिते.

सरकारला विविधता आठवते ती पाहुणा येतो तेव्हा. फोन येतो, रेला नाच पाहिजे, वीस बाया, एकसारखे लुगडे, सकाळी नऊला. बाया कामावरची रोजी पाडून जातात, दुपारी एकला गाडी येते, हार होतात, तीन मिनिटं नाच. परतीच्या गाडीचं कोणालाच माहीत नसते. मग वर्तमानपत्रात "आदिवासी संस्कृतीचं दर्शन". शिक्षण मात्र पोराला पहिल्या दिवसापासून त्याला न समजणाऱ्या भाषेत.

आणि दादा, तुम्ही लिहिलं स्वयंपाक फुकट हातानं. ते हात कोणाचे आहेत? दंडारीत नाचणारा गडी स्वयंसेवक, त्याचा फोटो. चुलीपाशी बसलेल्या बाईचं नाव वर्गणीच्या वहीत तरी आहे का? नोंदणी करा नाही तर नका करू, पण सात जणांत किती बाया घेणार ते आधी सांगा.

संत्रापट्टा_वरुड:

ताईनं बरोब्बर बोट ठेवलं. २०१६ मध्ये आमच्या तालुक्यात वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेचं श्रमदान झालं तेव्हा टोपल्या उचलायला बायाच जास्त होत्या, व्यासपीठावर कोण होतं ते सांगत नाही. पण एक गोष्ट शिकलो, जिथं रोजची हजेरी वहीत पडत होती तिथं माणसं टिकली. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुदेव सेवा मंडळाची माणसं येतात, तिथंही कोण कोणती पंगत वाढणार हे ठरलेलं असते. सेवा म्हणजे गोंधळ नव्हे.

वडसेकर:

मी तिकीटवाला माणूस, तरी ताईचं पटलं. कंपनीत नटीला नाईट (प्रयोगाचे पैसे) मिळते, तुमच्या गावच्या बायांना काय मिळते?

सेतूवाला_कुरखेडा:

वहीत नाव नाही ताई. आज संध्याकाळी वही आणून पाहिली. धान देणाऱ्यांची नावं आहेत, तीही घरच्या पुरुषाच्या नावानं, धान मोजून देणारी बाई असली तरी.

गुरुजींना जुना ग्रामसेवक काकांचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी कोण्या गावात नाचलो नाही ते विचार, ती यादी लहान होईल. मग सांगत बसले आणि मी फोनवर रेकॉर्ड केलं. गावं, साल, कोणाच्या घरी उतरलो, कोणी शालू उसना दिला.

नोंदणी या वर्षी नाही करत. तालुक्याच्या कॉलेजचं रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर आमच्या गावात घ्या म्हणून प्राध्यापकांना भेटतो. दरवर्षी शोषखड्डे आणि रस्ता झाडणं होते, ते होऊ द्या, पण संध्याकाळी दोन-दोन पोरं एकेका म्हाताऱ्याकडं बसवून गाणी लिहून घेऊ. त्यांनाही वर्षाचे १२० तास भरायचेच असतात. गोंडी गाणी लिहून घ्यायला मात्र गोंडी कळणारी मुलगी पाहिजे. रेला_पाटा ताई, तुमच्या ओळखीची कोणी आहे का कॉलेजात?

रेला_पाटा:

दोघी आहेत. एक बी.ए. दुसऱ्या वर्षाला. पण त्यांना शिबिराचं जेवण रांधायला लावाल तर पाठवणार नाही.

सेतूवाला_कुरखेडा:

रांधायची पाळी नाच्या पोरांची लावतो. भात गिजगा झाला तर तक्रार करू नका म्हणावं.

जुना_ग्रामसेवक:

शिबिराआधी ग्रामसभेत विषय घ्या, वहीत ठराव पडू द्या. आणि गुरुजींच्या रेकॉर्डिंगमधली गावांची यादी मला व्यक्तिगत निरोपात टाका. त्यातल्या काही गावांत मी होतो, तिथले आताचे सचिव ओळखीचे आहेत.