१/७२ एमआय-१७ : फ्लोअर टाकला की धड मिटत नाही, वर नाकाची काच बाहेर येते

पाचपाती

नमस्कार मंडळी. १/७२ प्रमाणातला, जुन्या साच्यातला एमआय-१७ हेलिकॉप्टरचा प्लास्टिक किट बांधायला घेतलाय. भारतीय हवाई दलाचा करायचा आहे, मागे शिंपल्यासारखे दोन दरवाजे असलेला. धडाच्या अर्ध्यांना जुळवणीच्या खुंट्या नाहीत. अडचणी अशा आहेत:

कॉकपिट आणि केबिनचा फ्लोअर एकाच तुकड्यात आहे. तो आत ठेवला की धड मिटत नाही. वर दाबलं की पोट उघडतं, पोट दाबलं की पाठ उघडते. फ्लोअर काढला की छान मिटतं, पण मग नाकाची काच दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी बाहेर डोकावते. मागचे दरवाजे धडाशी समपातळीत येत नाहीत, पायरी राहते आणि इंजिनांचं वरचं झाकण छतावर डुगडुगतं.

अजून काहीही चिकटवलेलं नाही. फ्लोअरच्या दोन्ही कडा घासून टाकू का? आणि काचेची पायरी पुट्टीने भरावी की काच घासावी?

---

वॉटरपेपर४००

काही चिकटवलं नाही हे फार बरं झालं. फ्लोअर अजिबात घासू नका. निदान मापं घेतल्याशिवाय तरी नाहीच.

फ्लोअर मावत नाही आणि काच बाहेर येते, ही दोन दुखणी वेगळी वाटतात, पण बहुधा एकच आहेत. धडच पुढच्या बाजूला अरुंद आहे. फ्लोअर घासलात तर धड मिटेल, पण चुकीच्या रुंदीवर मिटेल. मग काचेची पायरी कायमची तुमच्या गळ्यात.

खऱ्या एमआय-८/१७ च्या धडाची रुंदी २.५ मीटर. १/७२ मध्ये ती साधारण ३४.७ मिमी होते. व्हर्नियर घ्या आणि ही मापं टाका:

– फ्लोअरशिवाय धड टेपने मिटवून रुंदी, एकदा कॉकपिटच्या मागे आणि एकदा मागच्या दरवाजांच्या जरा पुढे.
– काचेच्या मागच्या कडेची बाहेरची रुंदी.
– फ्लोअर आत ठेवून, वरची आणि खालची फट सारखी धरली तर ती किती.

त्याआधी फ्लोअरच्या कडांवर स्प्रूचे (किटचे भाग धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) कोंब राहिलेत का आणि धडाच्या आत इजेक्टर पिनचे (साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे) उंचवटे आहेत का, हे बोट फिरवून बघा. असतील तर आधी ते सपाट करा. नाहीतर सगळी मापं खोटी येतील.

---

शिसं_आणि_तार

मापांच्या यादीत एक भर. धड अरुंद असण्याची दोन कारणं असतात आणि दोघांचा उपाय वेगळा. एक, अर्धा भाग मुळातच कमी खोल ओतलेला असतो. दोन, भिंत मधोमध आत वाकलेली असते. पुढचं तोंड उघडं असलेल्या पातळ धडात हे हमखास होतं.

ओळखायचं असं. अर्धा भाग सांध्याच्या कडेवर, म्हणजे पालथा, काचेच्या तुकड्यावर ठेवा. बाजूच्या भिंतीवर स्टीलची पट्टी छताकडून पोटाकडे आडवी टेकवा आणि दिव्यासमोर धरा. पट्टीखालून मध्ये उजेड दिसला तर भिंत वाकलेली. तसं असेल तर सांध्यात काही घालू नका, बल्कहेडच्या (कॉकपिटमागच्या आडव्या भिंतीच्या) मागे स्प्रूचा आडवा दांडा देऊन भिंत बाहेर ढकला. उजेड दिसला नाही तर खोलीच कमी आहे.

---

पाचपाती

कोंब काढले. उजव्या भागात पिनचे दोन उंचवटे होते, तेही छिन्नीने सपाट केले. मापं:

डावा भाग खोलीला १६.९, उजवा १६.८. मिटवल्यावर पुढे ३३.७ आणि मागच्या दरवाजांपाशी ३४.६. काचेची कड ३४.७. फ्लोअर आत असताना पुढच्या टोकाला वर-खाली दोन्हीकडे १.५ मिमी फट, मागे जवळजवळ नाहीच. पट्टीखालून उजेड दिसत नाही.

---

वॉटरपेपर४००

मग हिशोब सरळ आहे. धड पुढे १ मिमी कमी, मागे बरोबर. फट मात्र १.५ आहे, म्हणजे उरलेला अर्धा मिमी खरोखर फ्लोअरचा दोष. फ्लोअरच्या पुढच्या भागात प्रत्येक कडेने पाव-पाव मिमी घासा, मागे जाताना हात हलका करत न्या. मग फट १ मिमी उरेल. ती दाबून मिटवायची नाही, भरायची. तेवढ्याने काच आपोआप जागेवर बसेल.

अशा किटमध्ये एक भाग ठरवायचा ज्याला हात लावायचा नाही आणि बाकी सगळं त्याच्याकडे आणायचं. इथे तो भाग म्हणजे काच. तिच्या चौकटी उठावाच्या आहेत, घासल्या तर जातात, परत कोरता येत नाहीत.

फट पुट्टीने भरू नका. १ मिमी पुट्टी सुकताना आक्रसते, महिन्याभराने रंगाखाली खळगा दिसतो. सुपर ग्लू भरला आणि रात्रभर ठेवला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो. घासताना शेजारचं प्लास्टिक आधी झिजतं आणि सांध्याचा उंचवटा राहतो. इथे प्लास्टिक कार्डच (पातळ प्लास्टिकचा पत्रा) हवं, कारण ते धडासारखंच पॉलिस्टायरीन असतं आणि सारखं घासलं जातं.

१ मिमी कार्डाच्या साधारण ५ मिमी रुंद दोन पट्ट्या कापा, एक पोटाला, एक छताला. लांबी कॉकपिटच्या पुढच्या टोकापासून मागच्या दरवाजांच्या जरा अलीकडेपर्यंत. सपाट काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा आणि पट्टी त्यावर घासत पाचर करा, पुढे १ मिमी, मागे कागदासारखी. पट्टी एकाच अर्ध्या भागाच्या कडेला पातळ सिमेंटने (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने) लावा, बाहेर १ ते २ मिमी राहू द्या. किमान २४ तास हात लावू नका. मग दुसरा अर्धा भाग जोडा आणि पूर्ण वाळल्यावर बाहेरचा भाग कापून घासा. घाई केली तर मऊ प्लास्टिक घासलं जातं आणि नंतर सांधा खचतो.

पोटावरच्या पॅनेल लाइनी (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा) या घासण्यात जातील. जाण्याआधी टेपवर त्यांच्या जागा उतरवून ठेवा.

---

जुना_स्प्रू

वरच्या पद्धतीला पूर्ण अनुमोदन. फक्त छताची पट्टी लावण्याआधी इंजिनाचं झाकण बघून घ्या. छत १ मिमी रुंद झालं की झाकणाच्या कडा आणि छताची वळणं जुळतीलच असं नाही. दोन्ही पट्ट्या आधी टेपने धरा, झाकण वर ठेवा, मगच सिमेंट. नशिबाने झाकणाखालचा सांधा झाकला जातो. निगुतीने करायचा तुकडा उरतो तो फक्त काचेपासून इंजिनांच्या तोंडापर्यंतचा.

झाकण डुगडुगतंय ते कुठेतरी उंचवट्यावर टेकतंय म्हणून. झाकणाच्या खालच्या कडेला मऊ ४बी पेन्सिल घासा, छतावर ठेवून एक-दोन मिमी मागेपुढे सरकवा आणि उचला. छतावर जिथे काळा डाग उमटला, तिथेच टेकतंय. तेवढाच डाग घासा, पुन्हा पेन्सिल, पुन्हा ठेवा. पहिल्यांदा दोन-तीन ठिपकेच उमटतात. सात-आठ वेळा केलं की कडेभर सलग पुसट रेघ येते. ती आली की झाकण बसलं. फट कितीही मोठी दिसली तरी झाकणाची कड सरसकट घासत सुटू नका.

आता मागचे दरवाजे. धड आधी जोडून मग दरवाजे बसवले की पायरी बाहेरूनच घासावी लागते आणि दरवाजांचा गोल आकार बिघडतो. त्यापेक्षा प्रत्येक दरवाजा आपापल्या अर्ध्या भागाला आधी जोडा. बाहेरचा पृष्ठभाग बोटाने समपातळीत आणा, टेपने धरा आणि आतून पाव मिमी कार्डाचे तुकडे देऊन सिमेंट लावा. गोळाबेरीज चुकली तर ती आत जाते, बाहेर दिसत नाही. दरवाजाभोवतीची रेघ आणि दोन दरवाजांमधली उभी रेघ खऱ्या विमानात असतेच, तेव्हा ती भरू नका. पायरी घालवायची, रेघ ठेवायची. बुजली तर सुईने पुन्हा कोरा, वळणावर जाड टेप किंवा डायमो टेपची (लेबलं छापायच्या जाड चिकटपट्टीची) कड धरून.

दरवाजे आधी जोडले की धड जोडताना मागचा भाग चिमटत नाही ना, ते तपासा. तुमच्याकडे मागे फट नाही, म्हणून हे जमेल.

---

शिसं_आणि_तार

आता वजन. तीन पायांवर उभं राहणारं हे हेलिकॉप्टर किटमध्ये हमखास शेपटीवर बसतं. नाकात वजन लागणारच आणि नाक सगळं काचेचं. लपवायला दोनच जागा, कॉकपिटच्या फ्लोअरखाली आणि कॉकपिटमागच्या बल्कहेडच्या पाठीशी. म्हणून हे धड मिटवण्याआधीच ठरवायला हवं.

किती वजन, हे अंदाजाने ठरवू नका. शेपूट, झाकण, रोटर, बाहेरच्या टाक्या सगळं टेपने लावून धड मुख्य चाकांच्या जागेखाली दोन पेन्सिलींवर तोला. नाकाकडे मळलेली माती लावत जा. नाक खाली आलं की माती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा आणि चौथा हिस्सा वाढवून तेवढं शिसं घ्या. माती जिथे लावली तिथेच शिसं बसणार असेल तरच हा आकडा खरा. शिसं बल्कहेडच्या मागे जाणार असेल तर जास्त लागेल, कारण चाकांपासूनचं अंतर कमी होतं. शक्य तेवढं फ्लोअरखाली, पुढे कोंबा.

शिशाचे छर्रे फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात बसवू नका. त्यात शिशावर पांढरा क्षार धरतो, तो फुगतो आणि एक-दोन वर्षांनी सांधा आतून उकलतो. अॅराल्डाइटसारखं दोन भागांचं इपॉक्सी वापरा, तेही थोडं थोडं, दोन-तीन थरांत. एकदम मोठा गोळा ओतला तर तो वाळताना तापतो आणि पातळ प्लास्टिक वाकवतो. मग भिंती सरळ असल्याचा सगळा फायदा गेला.

एवढ्या वजनाने पुढच्या चाकाचा दांडा हळूहळू वाकतो. तो मधोमध ०.५ मिमी ड्रिल करून आत गिटारची तार घाला. पितळी तार इथे मऊ पडते.

---

पाचपाती

हे सगळं सोन्यासारखं आहे, आभार. दोन शंका. काच रंगाआधी लावायची की नंतर? आणि ती कशाने चिकटवायची? सुपर ग्लूने काच पांढरी होते असं ऐकलंय.

---

वॉटरपेपर४००

आधी. धडाशी तिचा सांधा घासून एकजीव करायचा आहे, तो रंगानंतर करता येत नाही. आतलं सगळं रंगवून, धुऊन, पूर्ण वाळवून मग काच लावा. आत एक कण राहिला तरी तो नेमका वैमानिकासमोर जाऊन बसतो.

सुपर ग्लूची वाफ काचेवर बसून पांढरा धुरकट थर येतो, बंद धडात तर जास्तच. पांढरा गोंद खिडक्यांना चालतो, पण नाकाची काच घासायची असल्याने तो पुरत नाही, घासताना सुटतो. पारदर्शक इपॉक्सी टूथपिकच्या टोकाने, फक्त कडेला, अगदी कमी. उरलेली केसाएवढी फट पाण्याने पुसली जाणाऱ्या अॅक्रिलिक पुट्टीने भरा आणि ओल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या, घासावंच लागणार नाही. धडाचा उरलेला उंचवटा घासताना काचेवर मास्किंग टेपचे दोन थर ठेवा. तरीही ओरखडा आलाच तर १०००, १५००, २००० असे ओले कागद आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड.

मुंबई-कोकणातले असाल आणि पावसाळ्यात रंगवणार असाल तर लॅकर प्रायमर मारू नका. दमट हवेत त्यावर पांढरट साय धरते आणि सांधा नीट झालाय की नाही हेच कळत नाही.

---

जुना_स्प्रू

चिकटवण्याआधी या गोष्टी बघून घ्या, नंतर सुधारता येत नाहीत.

एमआय-१७ चा शेपटीचा पंखा डाव्या बाजूला असतो, मूळ एमआय-८ चा उजव्या. एकाच साच्यातून दोन्ही निघत असतील तर सूचनापत्रकात चुकीचं चित्र असू शकतं. सरकता दरवाजा पुढे डावीकडे आणि हीटरची नळी उजव्या टाकीच्या पुढे, हे पक्कं धरून बाकी बाजू तपासा.

तुमचा बेत एमआय-१७ व्ही५ चा नाही ना? हवाई दलात २०१२ पासून आलेल्या व्ही५ ला टोकदार नाक आणि मागे दोन दरवाज्यांऐवजी खाली उघडणारा रॅम्प आहे. हा किट त्यासाठी उपयोगाचा नाही. आधीच्या गोल काचेच्या नाकाच्या एमआय-१७ साठी बरोबर आहे.

मुख्य रोटरचा दांडा खऱ्या विमानात साडेचार अंश पुढे झुकलेला असतो. झाकण घासताना मागेपुढे कमी-जास्त झालं की हा कोन जातो. भोकात सरळ तार उभी करून बाजूने बघा. समोरून मात्र ती अगदी उभी दिसायला हवी. पाच पाती ७२ अंशांवर बसवायला कागदावर वर्तुळ काढून पाच रेघा मारा, मधोमध टाचणी, त्यावर हब (पाती जिथे जुळतात तो मधला भाग). वरून पाहिलं तर हा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, पात्याची जाड कड त्या बाजूला. उभ्या विमानाची पाती लोंबतात. पाणी उकळून गॅस बंद करा, पातं काही सेकंद बुडवा, मोठ्या डब्याच्या वळणावर हलकं दाबा, लगेच गार पाण्यात. पाचही एकाच डब्यावर वाकवा.

---

पाचपाती

व्ही५ नाही, जुनाच. शेपटीच्या पंख्याचं बघितलं. सूचनापत्रकात तो उजवीकडे दाखवलाय, डावीकडे भोक पाडतो. फ्लोअर पाव-पाव मिमी घासून झाला, कार्डाची पाचर टेपने धरून बघितली, काच दोन्ही बाजूंना नखाला लागत नाही. मातीचं वजन उद्या घेतो, मग सिमेंट.