मदत हवी आहे: चेकडिस्कनंतर हिशेबपट्ट्यांचं फोल्डर गायब

सांगलीत मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. परवा लाइट गेली, पीसी बंद पडला, नंतर डी ड्राइव्ह उघडेना. म्हणून चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) ‘/आर’ लावून, म्हणजे खराब भागातला वाचता येईल तो डेटा वाचवायला सांगून, चालवलं. ड्राइव्ह उघडला, पण शेतकऱ्यांना विक्रीचा हिशेब देतो त्या पट्ट्यांचं फोल्डर गायब! चेकडिस्क सापडलेले तुकडे ठेवतं त्या लपलेल्या ‘फाउंड.000’ फोल्डरमध्ये ‘फाइल0000.सीएचके’ अशा 212 फाइल्स आहेत. त्यातली एक पेनड्राइव्हवर कॉपी करून तिला ‘एक्सएलएसएक्स’ हे एक्सेलचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारा भाग) लावलं, तर एका शेतकऱ्याची पट्टी तोलाई-हमालीसकट जशीच्या तशी उघडली. जीवात जीव आला. बाकीच्या कसल्या, कळत नाही.

विंडोज 10, 1 टीबी साधी हार्डडिस्क, फाइल सिस्टीम (फाइल्स साठवायची पद्धत) एनटीएफएस. बॅकअप जुना आहे. रिकव्हरी सॉफ्टवेअर अजून चालवलेलं नाही. शेतकऱ्यांचे खातेनंबर असल्यानं डिस्क बाहेर देणार नाही.

आधी पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेऊ का? आणि फाइलचा प्रकार ओळखून सगळ्यांना एकदम एक्स्टेन्शन लावणारं खात्रीचं साधन कोणतं?