सुरकुत्या रोखायला गोळी की सावली?

रानजाई:
माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं मालट्रक चालवला. आज त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा दहा वर्षांनी थकलेला दिसतो. खिडकीवर टेकायचा तो हातही चामड्यासारखा झालाय. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो आला होता. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून त्याचा डावा गाल खोल सुरकुतलेला. माणूस एकच, वय एकच, खाणंपिणं एकच. फरक फक्त उन्हाचा. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी खिडकीची साधी काच अडवते, पण यूव्हीए बरंचसं आत येतं आणि त्वचेत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार करतं. ते निकामी करायला त्वचेत अँटिऑक्सिडंट असतात: क आणि ई जीवनसत्त्व, ग्लुटाथिओन, कॅटलेजसारखी एन्झाइम्स. हा साठा उन्हात खर्ची पडतो. तो अपुरा पडला की कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडणारी एन्झाइम्स जोर धरतात. माझं स्पष्ट मत: आधी सावलीत राहून हा खर्च थांबवा, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी ही तूट भरून निघत नाही.

सागरगोटा:
असहमत. गोळ्यांचं सोडा, वरून लावलेल्या क जीवनसत्त्वाचं काय? २००५ मध्ये क आणि ईच्या द्रावणात फेरुलिक ॲसिड (वनस्पतींतलं एक अँटिऑक्सिडंट) मिसळून लावल्यावर उन्हापासूनचं संरक्षण चार पटींवरून आठ पटींवर गेलेलं दिसलं. साठा बाहेरून वाढवता येतो, हे मान्य करायला हवं.

रानजाई:
तो प्रयोग डुकराच्या त्वचेवरचा होता. आणि मी स्वतः क जीवनसत्त्वाचं महागडं सीरम वापरलंय. आणलं तेव्हा पाण्यासारखं होतं, दोन महिन्यांत कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. बाटलीतच ऑक्सिडाइझ झालेलं औषध गालावर काय काम करणार?

सागरगोटा:
तुमची बाटली खराब झाली म्हणून रसायनशास्त्र खोटं ठरत नाही. फेरुलिक ॲसिड घालतात ते त्यासाठीच, क आणि ई टिकावं म्हणून. सनस्क्रीनऐवजी लावा असं मी म्हणतच नाहीये, सनस्क्रीनच्या जोडीला लावा.

बोरकाटा:
गोळ्यांच्या बाबतीत रानजाईंचं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बोरला ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली. त्याच चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातलं अँटिऑक्सिडंट) गोळीने एकंदरीत काहीच फरक पडला नाही. फिनलंडमध्ये तर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना हीच गोळी दिली, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला (१९९४). अँटिऑक्सिडंट म्हणजे कितीही घ्या, चांगलंच, ही समजूत धोक्याची आहे.

माळरान:
तुम्ही सगळे सावली सांगताय. माझी आई भर उन्हात कापूस वेचते. सावलीत बसली तर मजुरी कोण देणार? तिच्या आवाक्यात आवळा आहे. तोही निरुपयोगी म्हणायचा का?

रानजाई:
नाही, आवळा खायलाच हवा. क जीवनसत्त्व शरीर स्वतः बनवत नाही आणि त्याच्याशिवाय कोलॅजन नीट तयार होत नाही. पण आवळा ऊन अडवत नाही. सावलीचं मी माझ्या सोयीने बोलले, ते तुमचं खरं आहे. कापड मात्र सावलीचंच काम करतं. बायका साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट घालतात ना, तो खरा उपाय.

माळरान:
तो शर्ट आई कित्येक वर्षं घालते, डोक्याला रुमालही असतो. हात अजून चांगले आहेत तिचे. गाल तेवढे उघडे राहतात. उद्या रुमाल तोंडावरून बांधायला सांगतो.