स्वेटर मापात येत नाही : सुया, निसटलेले टाके आणि गळ्याची पट्टी यांबद्दल सल्ला हवा आहे

निफाडची_लेक

नमस्कार. दोन सुयांवरचे विणकाम मी लहानपणी आजीकडून शिकले, परंतु बाळांची टोपडी, पायमोजे आणि मफलर यांच्या पुढे आजवर गेले नव्हते. यंदा वडिलांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणायला घेतला आहे, कारण निफाडच्या थंडीत ते पहाटेच द्राक्षबागेत जातात आणि जाड जॅकेट घातले की त्यांना कामात हात मोकळे वाटत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या मावसबहिणीने एक साधी कृती पाठवली. तिच्यात 6 नंबरची सुई आणि 10 सेंटीमीटरला 22 टाके असे दिले आहे. पाठ 52 सेंटीमीटर रुंद हवी म्हणून मी 114 टाके घातले. वीतभर विणून झाल्यावर पट्टी लावून पाहिली, तर रुंदी 63 सेंटीमीटर भरली! मी इतके सैल विणते का?

आणखी दोन अडचणी आहेत. चार-पाच ओळी खाली एक टाका निसटलेला दिसतो. त्यासाठी सगळे उसवावे लागेल का? शिवाय पूर्वी भाच्यासाठी केलेल्या स्वेटरचा गळा इतका घट्ट झाला होता की तो डोक्यातून जाईना. या वेळी ती चूक होऊ नये, असे मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुलट_उलट

ताई, तुमच्या हाताचा दोष असेल असे मला वाटत नाही. दोष बहुधा सुईच्या नंबराचा आहे. आपल्याकडच्या दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेतील नंबर नेमके याच्या उलट आहेत. त्यांची 6 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाडीची असते, तर आपली 6 नंबरची 5 मिलिमीटरची. तुम्हाला हवी असलेली 4 मिलिमीटरची सुई आपल्याकडे 8 नंबर म्हणून मिळते, आणि गोंधळ असा की अमेरिकेतील 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. म्हणून परदेशातली कृती हाती आली की नंबराकडे न पाहता मिलिमीटरमधला आकडा पाहावा. बहुतेक सुयांच्या टोपीवर किंवा पाकिटावर तो छापलेला असतो.

तुमचा हिशेबही हेच सांगतो. 114 टाक्यांचे 63 सेंटीमीटर झाले, म्हणजे 10 सेंटीमीटरला 18 टाके पडले. कृतीपेक्षा चारच टाके कमी, पण पुढचा-मागचा भाग मिळून घेर 22 सेंटीमीटरने वाढला असता.

आता मूळ सवयीबद्दल. नमुन्याचा तुकडा विणल्याशिवाय अंगातले कपडे सुरू करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तुकडा निदान 15 सेंटीमीटर रुंद असावा, कारण कडेचे टाके नेहमी वेगळ्या ताणाचे असतात आणि माप मधल्या 10 सेंटीमीटरचेच घ्यायचे असते. स्वेटर जसा धुणार, तसाच तो तुकडा धुऊन, सपाट पसरून वाळवावा आणि मगच टाके मोजावेत. मोजायला शिवणकामाची टेप घेऊ नका, ती ताणली जाते. स्टीलची पट्टी ठेवून दोन टाचण्या लावा आणि अर्धा टाकासुद्धा सोडू नका. बहुतेकींना हे काम कंटाळवाणे वाटते हे मला ठाऊक आहे, पण एका संध्याकाळच्या त्या कामामुळे पंधरा दिवसांचे उसवणे वाचते.

क्रोशाप्रेमी

माप चुकल्यामुळे हा तुकडा तुम्हाला उसवावाच लागेल, तरी निसटलेल्या टाक्याचे उत्तर देते, कारण ही वेळ पुन्हा येणारच आहे. टाका निसटलेला दिसताच आधी त्यात सेफ्टी पिन अडकवावी, म्हणजे तो आणखी खाली धावत नाही. मग विणत विणत सुई त्या टाक्याच्या बरोबर वर येईपर्यंत जावे. सुलट बाजू समोर धरली की निसटलेल्या टाक्याच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. क्रोशाची सुई पुढून त्या टाक्यात घालून सर्वांत खालची पायरी पकडावी आणि टाक्यातून ओढून घ्यावी; मग तिच्यावरची, मग त्याच्याही वरची. एकही पायरी गाळू नये. शेवटचा टाका डाव्या सुईवर ठेवताना त्याची उजवी तंगडी सुईच्या पुढे आली पाहिजे. ती मागे राहिली तर टाका पिळला जातो आणि दुरूनही ती एक रेघ वेगळी दिसते.

नक्षीची वीण असेल तर दर दहा-बारा ओळींनी एक सावधगिरी घेता येते. वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती धागा जाड सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून काढून ठेवावा. पुढे काही चुकले आणि उसवावे लागले, तर उसवणे त्या धाग्यापाशी थांबते आणि टाके पुन्हा सुईवर घेणे सोपे जाते.

वूलवाली_आजी

गळ्याविषयी मी सांगते. गळा घट्ट होण्याची कारणे बहुधा दोन असतात. पहिले कारण म्हणजे कडेवरून उचललेले टाके कमी पडतात. टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून उभ्या कडेवर दर ओळीला एक टाका उचलला तर पट्टी फुगते आणि फारच कमी उचलले तर गळा आवळतो. साध्या सुलट विणीत चार ओळींना तीन टाके हे प्रमाण मला बरोबर बसते. दुसरे कारण म्हणजे टाके बंद करताना आपला हात नकळत आवळला जातो. शेवटची ओळ बंद करताना उजव्या हातात एक नंबर जाड सुई घ्या, म्हणजे आपल्या नंबरांत आकडा एकाने कमी. धागा तोडण्याआधी पट्टी डोक्याच्या घेराएवढी ताणून पाहा; ताणली गेली नाही तर तेवढीच एक ओळ सोडवावी लागते.

उसवलेली लोकर लगेच विणायला घेऊ नका, बाळा. ती नागमोडी झालेली असते आणि तिच्यावर घेतलेले माप फसवते. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून न पिळता दांडीवर टांगा. वाळल्यावर गुंडा करताना बोटांवर सैलच गुंडाळा. लोकर अॅक्रिलिकची असेल तर तिच्यावर गरम इस्त्री मुळीच फिरवू नका, कारण उष्णतेने तिची उसळी जाते आणि ती पुन्हा येत नाही.

निफाडची_लेक

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. लोकर धुऊन वाळवली आणि आपल्याकडच्या 8 नंबरच्या सुईवर 40 टाक्यांचा तुकडा विणून, धुऊन मोजला. 10 सेंटीमीटरला 23 टाके आले. 7 नंबरवर 21 आले. कृतीतले 22 कोणत्याच सुईवर येत नाहीत. खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी हवी आहे. आता काय करावे?

सुलट_उलट

कोणत्या तुकड्याचा पोत हाताला बरा वाटतो ते ठरवा आणि टाके त्याप्रमाणे बदला. पहाटेच्या गारव्यासाठी मी 8 नंबरची दाट वीण घेईन. 52 सेंटीमीटरला 23 च्या हिशेबाने सुमारे 120 टाके लागतात. त्यात 2 मिळवून 122 घाला. ओळीची सुरुवात आणि शेवट दोन्ही सुलट टाक्यांच्या जोडीने होईल. बाजूची शिवण दोन्हीकडचा एकेक टाका आत घेईल, म्हणजे रुंदी मापात राहील आणि शिवणीपाशी दोन भागांचे उरलेले एकेक सुलट टाके मिळून अखंड जोडी दिसेल. पुढचा भागही 122 टाक्यांवरच सुरू करा.

निफाडची_लेक

122 टाके घातले, दर वीस टाक्यांवर लाल दोऱ्याची खूण अडकवली आणि दोनदा मोजून घेतले. पट्टीच्या सहा ओळी झाल्या आहेत.