कामाका की काला: परभणीच्या उन्हाळ्यात कोणतं टिकेल?

लेकीसाठी युकुलेली (गिटारसारखं, चार तारांचं छोटं वाद्य) कामाका कंपनीचं घ्यावं की काला कंपनीचं, या तुमच्या प्रश्नावर कुणीतरी 'कामाकाचे पैसे निव्वळ नावाचे' असं म्हटलंय, ते मला पटत नाही. 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला आलेल्या कारागिरांपैकी एक मॅन्युएल नुनेस. त्याच्याच हाताखाली सॅम्युएल कामाका शिकला आणि 1916 मध्ये त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. कारखाना अजून त्याच घराण्याकडे आहे. तिथं कर्णबधिर कारागीरही नेमले गेले. वरच्या फळीवर टिचकी मारायची आणि बोटांना जाणवणाऱ्या कंपनावरून तिची जाडी पारखायची! कोआ या हवाईतल्या झाडाच्या अस्सल लाकडाला असा हात लागला की आवाज भरून येतो.

पण तुम्ही परभणीचे, म्हणून सांगतो. कामाकाचं सॉलिड, म्हणजे थर न चिकटवलेलं एकसंध लाकूड आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत आकसतं. फ्रेटची (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचायला लागली की समजा, लाकूड सुकलंय. त्यानंतर फळीला चीर जायला वेळ लागत नाही. कूलरच्या तोंडाशी तर ठेवूच नका. लेकीला नुसतं शिकायचंय ना? मग कालाचं लॅमिनेट (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं) कॉन्सर्ट, म्हणजे मध्यम आकाराचं, घ्या, त्याचे थर हवा बदलली तरी सहसा हलत नाहीत. कामाकाच घेणार असाल, तर केसमध्ये ह्युमिडिफायर (ओलावा टिकवणारं साधन) ठेवाच.